तुरीचं वेगळं वरण

माझी बायको शामकला तिसरी शिकलेली. पण भल्याभल्या डॉक्टरलेही तोंडावर ऐकवायची हिंमत तिच्यात आहे, आणि त्या हिंमतीवरच मी उदाराम आज दोन पायांवर उभा आहो.

२००३ सालची गोष्ट. देवरीजवळच्या आमच्या गावात धान कापून झाला आणि माझे पाय लाकडासारखे ताठ व्हायला लागले. दोन महिन्यांत काठीशिवाय पाऊल उचलेना. पाठ दुखायची, संध्याकाळी कणकण यायची, पण तिकडं कोण पाहते!

गावच्या चार जणांनी मला एका खाजगी डॉक्टरकडं नेलं. त्यानं पाय वाकवून पाहिले आणि विचारलं, "लाखोळी खाता का?" लाखोळी म्हणजे धानाच्या बांधीत होणारी आमची स्वस्त डाळ. तीच रोज पोटात गेली तर पाय जातात, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. मला तर लहानपणापासून तिचा वासही सोसत नाही. पण चार जणांसमोर 'मले तुरीचं वेगळं वरण लागते' कसं सांगू? म्हणाले असते, मोठा आला मालगुजार! मी बोलून गेलो, "हो जी, रोजच."

"मग लाखोळीनंच पाय गेले. इलाज नाही याला." पाठीचं त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. शहाणाच ना मी!

घरी शामकलानं विचारलं, "का म्हणला डाक्टर?" मी सांगितलं. ती चुलीपासून ताडकन उठली.

"लाखोळी? तुमच्या पोटात? वीस वर्षं चुलीवर दोन-दोन गंज चढवून, घरच्यायले लाखोळीचा अन् तुमाले तुरीचा, माहे हात गेले! तुमी खाल्ली कवा?"

मी मान खाली घालून सगळं कबूल केलं.

"इज्जतीसाठी पाय देऊन आले का? चला, नागपूरले जाऊ."

गावात सगळे म्हणाले, हिला डॉक्टरपेक्षा जास्त समजते का? मीही ओरडलो, "राहू दे वो, नशिबात हेच आहे." ती कोणाच्या बापाचं ऐकते! मला खाटेवर टाकलं, दोघांना खाट उचलायला लावून हायवेपर्यंत नेलं आणि एसटीत चढवलं.

नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, मोठ्या डॉक्टरांनी आधीच्या डॉक्टरचा कागद वाचून तेच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत शामकला बोलली, "साहेब, त्या कागदावरचं खोटं आहे. हे खोटं बोलले. यांच्यासाठी रांधते मी, मले विचारा." मग माझी पाठ कधीपासून दुखते, ताप किती वाजता चढतो, सदरा कधी ढिला झाला, सगळं घडाघडा सांगितलं. मी आ वासून पाहत राहिलो. एवढं सारं ही कवा पाहून राहिली होती? बापरे, काय बाई आहे ही!

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला आणि पाठीच्या मणक्यावर बोट दाबलं. मी किंचाळलो. मशीनमध्ये फोटो काढला. मणक्याचा टीबी निघाला, आतल्या पुवानं नस दाबली होती.

"महिनाभर उशीर झाला असता तर पाय गेलेच होते," ते शामकलाला म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. "आता येतील परत."

दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या. आधी अंगठा हलला, मग भिंत धरून उभा झालो, मग चाललो. शेवटची तपासणी करून आम्ही देवरीला उतरलो तेव्हा स्टँडवर बाजाराची गर्दी होती. मी पिशवी खाली ठेवली, कंबरेत वाकलो आणि बायकोच्या पायांना हात लावला.

"अवो, काऊन असं करता? लोक पाहून राहिले ना!" ती लाजून मागं सरकली.

"पाहू दे," मी म्हणालो.