पळपुट्या शिपायाचं नाटक

युद्ध सुरू झालं तेव्हा आमच्या तालमी निम्म्यावर आल्या होत्या. खडकीच्या क्वार्टर्समधलं हौशी मंडळ, आणि नाटक निवडलं कुठलं, तर युद्धाची टर उडवणारं जुनं परदेशी! त्यात एक फुशारक्या मारणारा कॅप्टन, आणि जीव वाचवायला पळत सुटलेला शत्रूचा शिपाई. कॅप्टनची वाग्दत्त वधू त्या शिपायाला घरात लपवते आणि त्याच्याच प्रेमात पडते. ती वधू मी. माझा खरा नवरा तेव्हा सीमेवर होता.

बरेच दिवस ह्यांचं पत्र नव्हतं. बाहेर सायकलची घंटा वाजली तरी तारवाला आला असं वाटून मी दाराशी धावायचे, पोळी तव्यावर करपायची. तरी नाटक सोडवेना. नुसती घरात बसले असते तर वेडच लागलं असतं मला. सासूबाईंचीच जास्त धास्ती. मुलगा तिकडे लढतोय आणि सून इकडे पळपुट्याच्या गळ्यात पडतेय, असं त्यांच्या मनात आलं म्हणजे? प्रयोगाला फार दगदग होईल तुम्हाला, असं आडून आडून सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, जागा पुढची धर.

ब्लॅकआउटमुळे प्रयोग दुपारी ठेवला होता. हॉल दारूगोळा कारखान्यातल्या लोकांनी गच्च भरलेला. कॅप्टनने छाती फुगवून भाषण ठोकलं, आणि जिथे हशा यायचा तिथे टाळ्यांचा कडकडाट! दिग्दर्शक विंगेत कपाळाला हात लावून बसले. मग शिपाई धापा टाकत आत आला. मला मरायचं नाही, म्हणाला. तिथेही लोकांनी हसायचं होतं, पण कुणी हूं की चूं केलं नाही. विंगेतून त्याचा पाठलाग करणाऱ्यांच्या बुटांचे आवाज सुरू झाले आणि मी माझं वाक्य साफ विसरले. प्रॉम्प्टर बिचारा घसा कोरडा करत होता, मला काही ऐकूच येईना.

पहिल्या रांगेतून सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"अगं, बघत काय बसलीस? लपव त्याला."

मी त्याला कपाटात ढकललं. तेव्हाही कुणी हसलं नाही.

घरी चालत येताना मी सासूबाईंना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तिकडे त्यालाही कुणी दार उघडेल ना गं?"

कुणाबद्दल म्हणत होत्या ते मला कळलं. उघडेल, म्हणाले मी.