धायरीचे बारा प्लॉट

"अहो, हिला सांगा, रेघा मारायच्या. मालकीणबाई व्हायची स्वप्नं बघायची नाहीत."

सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या खुर्चीमागे उभे राहून हे बोलले. माझ्याशी नाही, आमच्या सरांशी. मी तिथेच बसलेली. समोर कॉम्प्युटरवर त्यांच्याच सोसायटीची धायरीची जमीन.

तेव्हा पुण्यात ड्रॉइंग बोर्ड जाऊन नुकते कॉम्प्युटर येत होते. मी खडकीची, आयटीआय केलेली ड्राफ्ट्समन. सर आर्किटेक्ट, एरंडवण्यात ऑफिस. दादा, म्हणजे माझे वडील, दारूगोळ्याच्या कारखान्यात. ते रिटायर होणार होते आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं. जन्मभर सरकारी भिंतीत राहिलेल्या माणसाला स्वतःचं दार हवं होतं, एवढंच.

ते प्लॉट मीच पाडले होते. रस्त्याकडची रेघ निवडायची, डिव्हाइडची कमांड द्यायची, बारा आकडा टाकायचा. रेघ तुटत नाही. तिच्यावर सारख्या अंतरावर ठिपके पडतात, तिथून हद्दी ओढायच्या. मशीन कुणाला बोटभर जास्त देत नाही. मला त्याचं फार अप्रूप होतं. कोपऱ्यातले दोन प्लॉट अजून कुणाच्या नावावर नव्हते. दादा म्हणाले, "फंडातून जमेल. विचारून बघ." म्हणून विचारलं.

"आडनाव काय?" सेक्रेटरी म्हणाले.

सांगितलं. आजोबांच्या काळीच आमचं घर बौद्ध झालेलं, पण आडनाव ऐकलं की लोक जुनी जातच ऐकतात.

"मग विश्रांतवाडीला बघा की. तिकडे तुमच्यातल्या सोसायट्या आहेत. तिथे करमेल तुम्हाला."

आणि मग सरांकडे वळून ते स्वप्नांचं वाक्य. सेक्रेटरी गेल्यावर सर म्हणाले, "मनावर घेऊ नकोस. ते कोपऱ्यातले दोन प्लॉट एक कर. त्यांच्या व्याह्यांना मोठा हवाय."

मला एक नाही आणि व्याह्यांना दोन.

"मधली रेघ मी पुसणार नाही, सर."

"मग कोण पुसणार?"

"तुम्ही पुसा."

पर्स घेतली आणि उठले. पुढे ती रेघ पुसली गेलीच असणार.

घरी दादा जेवायला बसले होते. सगळं सांगितलं.

"आडनाव नीट सांगितलंस ना?"

"हो."

"मग बरं केलंस," म्हणाले, आणि अर्धं ताट सोडून उठले. दादांना अन्न टाकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

रिटायर झाल्यावर विश्रांतवाडीतच भाड्याची खोली घेतली. माणसं जिवाला जीव देणारी. पण आम्ही हौसेनं नव्हतो गेलो, हाकलल्यासारखे गेलो होतो. दादा त्या खोलीतच वारले. दार घरमालकाचं होतं.

आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. कुणी जमिनीचे प्लॉट पाडायला आलं की कॉम्प्युटर लावायच्या आधी मी आडनाव सांगते आणि विचारते, "यातला एक मला विकाल?" मला प्लॉट नको असतो. उत्तर हवं असतं. समोरचा चुळबुळला की नकाशा गुंडाळून त्याच्या हातात देते. पोटावर पाय येतो. येऊ दे. तसली हद्द माझ्या हातून ओढून मिळणार नाही.