जावयाची भजी आणि माझी बी.एस्सी.

त्या दिवशी आमच्या जावयाच्या पोटात कुठलंही विष गेलं नव्हतं. त्यांना जो त्रास झाला तो शिक्षणामुळे, आणि तोही माझ्या!

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. बाबांनी संत्र्याच्या बागेत राबून मला वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. केलं. ते उपकार फेडायचे म्हणून मी पांढुर्ण्याहून सौसरला घरी आलो की सगळ्यांना झाडांची माहिती देतो. (कोणी मागत नाही.)

धोंड्याचा महिना होता. धाकटी बहीण वैशू आणि तिचे यजमान निलेशराव लोधीखेड्याहून पहिल्या धोंड्याला आले होते. मी पोचलो तेव्हा निलेशरावांचं अकरावं भजं चालू होतं.

"आई, कायची भजी होय?"

"कुंपणावरच्या वेलाची. वैशूनंच लावला न तो! खाय, मस्त झाली."

मी कुंपणाशी गेलो. जाड, चकचकीत पानं आणि पानांच्या बगलेत वाकडे काटे! फोनवर फोटो टाकला. उत्तर आलं, 'निवडुंगाच्या कुळातला पानांचा वेल.' पुढेही बरंच लिहिलं होतं. पण घरात माणसं दगावत असताना कोण वाचत बसतं?

"थुंका! सगळे थुंका! निवडुंग आहे ते!"

आईच्या हातून झारा पडला. "अरे देवा! पहिल्याच धोंड्याले जवायाले निवडुंग!"

"दादा, ऐक न..." वैशू म्हणाली.

"बोलू नको, विष चढते!" मी तिला आणि निलेशरावांना तांब्याभर मीठपाणी पाजलं. निलेशराव काही सांगायला तोंड उघडत. मी लगेच त्यात पाणी ओतत असे. शेवटी अकराच्या अकरा भजी मोरीत गेली. बाबा म्हणाले, "आता त्यायच्या घरी काय तोंड दाखवू?" शेजारचे बघायला आले. मी सगळ्यांना ऑटोत कोंबून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी माझा फोन हातात घेऊन मी सोडलेल्या ओळी मोठ्याने वाचल्या. "पानं खातात. फळंही खातात. मीठपाणी कोणी पाजलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनीसुद्धा.

आता निलेशरावांना बोलायला फुरसत मिळाली. "दादा, तो वेल आमच्याच घरचा हाय. माही माय दर हप्त्याले भाजी करते. मी लहानपणापासून खाऊन राहिलो!"

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही तोंड रिकामं ठेवू दिलं का?"

घरी येताच त्यांनी बॅग भरायला घेतली. पहिल्या धोंड्याचा जावई रुसून निघाला, तर लोधीखेड्यापर्यंत बोभाटा! आई पाया पडायची तेवढी बाकी राहिली. "थांबा न बापू, ताजी भजी करतो. जेवल्याबिगर जाऊ नका."

निलेशरावांनी बॅग खाली ठेवली. "थांबतो, मामी. पण दादा इथं असले तर मले घास उतरणार नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईने माझी चप्पल आणून दारात ठेवली.

पाचच्या बसने मी पांढुर्ण्याला निघालो. धोंड्याला जावयाने घरी राहायचं आणि मुलाने घर सोडायचं, ही प्रथा आमच्या घराण्यात मीच सुरू केली.