बेहड्याच्या ढोलीतली मादी

दर उन्हाळ्यात मी कोल्हापुरातून पहाटे निघतो आणि राधानगरीच्या रानात धनेश मोजतो. शाळेतून मी निवृत्त झालो, गुडघे त्याआधीच झाले होते, पण ही मोजणी काही सुटत नाही. यंदा चढ चढताना मात्र मला मनापासून कंटाळा आला होता. धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत हा पक्षी ‘संकटाच्या जवळ’ आहे. इतकी वर्षं जवळच आहे. जवळ म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही.

सोबत नेहमीचे वाटाडे मामा, तिथल्याच धनगरवाड्यावरचे. आम्ही ज्या बेहड्यासमोर बसतो, त्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी उबवायला स्वतःला कोंडून घेते. तोंड लिंपून टाकते, चोचीपुरती फट ठेवते आणि नर तिला बाहेरून फळं भरवतो. त्यामुळे आमचा नियम सोपा: नर फळ घेऊन ढोलीशी आला की मादी न बघता दोन लिहायचे.

यंदाही नर उंबरं घेऊन आला. मी दोन लिहिले आणि डबा उघडला. मामांनी मात्र दुर्बीण मागितली, बराच वेळ बघितलं आणि माझ्या हातात दिली. फटीच्या जागी भगदाड होतं. झाडाखाली लिंपणाची ढेकळं आणि पिसं पडली होती. पंधरा दिवसांपूर्वीच मामांनी तिची चोच पाहिली होती. घोरपडीने नेली की आणखी कुणी, कळायला मार्ग नव्हता.

मी आकडा खोडेना. पलीकडचा रस्ता रुंद व्हायचा होता, त्यासाठी झाडं तोडणार होते. आमच्या मोजणीत घरटं चालू दिसलं तरच हा बेहडा वाचणार होता. नियमाप्रमाणे दोनच होतात, असं मी मामांना समजावू लागलो आणि माझीच मला लाज वाटली. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या होत्या मी.

"यकच हाय, सर," मामा म्हणाले. "न्हाय ते कशाला लिवायचं?"

मी दोन खोडून एक लिहिला. फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी यायचं नाही, असंही ठरवून टाकलं.

आम्ही उठत होतो, तेवढ्यात नर पुन्हा आला. त्याने भगदाडात उंबर पुढे केलं, थांबला. ते खाली पडलं. मग मान हलवून त्याने घशातून दुसरं काढलं.

मामा वर बघत राहिले.

"आपण यक लिवलं," ते म्हणाले, "पर त्यो अजून दोनच धरतोय."