नर्गिसच्या पिनांखालची चिठ्ठी

इजिप्तमधल्या मिन्या शहरातल्या आमच्या गल्लीत नर्गिस शिवणकाम करते. नाताळच्या आधी उपास सुरू झाले की ती जाड लोकरी कापडाचे तुकडे, मणी, टिकल्या घेऊन बसते आणि कपड्यांना लावायच्या पिना बनवते. गाढव, मेंढी, चांदणी. झाडाला टांगायचे बोटभर देवदूतही. मागची पिन ती कधी चिकटवत नाही, चार टाके घालून शिवते. चर्चमधल्या मुलींना शिकवताना दटावते, "डिंकावर विसंबलीस तर प्रार्थना संपायच्या आत गाढव जमिनीवर!"

एका वर्षी तिने दोनशे नग चर्चच्या जत्रेला नुसते देऊन टाकले. जत्रा लॉरिस मॅडमच्या हाती होती. त्यांनी नर्गिसचा फोटोही काढून घेतला, आठवण म्हणून.

जत्रेच्या दिवशी नर्गिस नवऱ्याला, अयूबला, घेऊन हौसेने गेली. मीही होते. पाहतो तर प्रत्येक पिन एका चिठ्ठीवर टोचलेली, चिठ्ठीवर नर्गिसचा फोटो. अयूबने तोंडातला तामियाचा, म्हणजे डाळीच्या वड्याचा, घास तसाच ठेवून मोठ्याने वाचलं, "विधवा नर्गिसच्या उपाशी लेकरांसाठी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मी गेलो कधी गं? मला कुणी कळवलंच नाही!"

आम्ही हसलो. नर्गिस हसली नाही. तिचे कान लाल झाले होते.

"मॅडम, हे कुणी लिहिलं?"

"अगं, असं लिहिलं की लोक घेतात. सगळं चर्चसाठीच ना?"

"माझा नवरा हा समोर उभा आहे. माझी मुलगी दवाखान्यात नर्स आहे. कोण उपाशी आहे माझ्या घरी?"

"एवढं काय मनावर घेतेस? चार शब्द तर आहेत."

"मग स्वतःच्या नवऱ्याला मारा ना चार शब्दांत!"

शेजारी एक बाई मेंढी हातात घेऊन उभी होती. हे ऐकून तिने मेंढी हळूच टेबलावर ठेवली आणि निघून गेली. नर्गिसने ते पाहिलं. माझ्या मते मॅडमच्या बोलण्यापेक्षा तिला तेच जास्त झोंबलं.

ती एकेक चिठ्ठी ओढून फाडायला लागली. आमचे पाद्री अबूना बोलस धावत आले. "नर्गिस, पोरी, सणाचे दिवस आहेत."

"अबूना, खोटं बोलायला सण चालतो, मला रागवायला चालत नाही?"

अबूनांनी एक चिठ्ठी उचलली आणि स्वतः फाडली. मॅडम पर्स उचलून निघून गेल्या. माफी त्यांनी तेव्हा मागितली नाही, पुढेही नाही.

उरलेल्या पिना नर्गिसने चर्चच्या पायरीवर चादर पसरून विकायला मांडल्या. निम्म्याही गेल्या नाहीत. जे आले ते हात लावून, उलटून, टाके बघून घेऊन गेले. जमले ते पैसे तिने चर्चच्या पेटीत टाकले.

पुढच्या वर्षी मॅडमनी निरोप पाठवला, पिना पाहिजेत. नर्गिस मशीनवरून उठलीसुद्धा नाही. निरोप घेऊन आलेल्या मुलीला म्हणाली, "सांग त्यांना, विधवा वारली."