तिथं कसं आहे, ताई?

माझे धाकटे दीर साधा पंखा घ्यायचा झाला तरी निम्म्या गल्लीला विचारून घेतात. मग तो पंखा कुरकुरायला लागला की ज्यांना ज्यांना विचारलं होतं, त्या प्रत्येकाला जाऊन सांगूनही येतात. त्यांच्या लेकीला, आमच्या भिंगरीला, लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं आणि प्रवेशपरीक्षेत नंबरही बरा लागला होता. तेव्हा भावजी गप्प बसतील ही आशाच नव्हती. भिंगरी हे तिचं घरातलं नाव. रांगायला लागल्यापासून पोर एका जागी ठरली नाही, म्हणून मीच ठेवलेलं.

डॉक्टर ती झालीच होती. आता पुढची तीन वर्षं कुठल्या हॉस्पिटलात राहून बालरोगाचं शिकायचं, एवढंच ठरवायचं होतं. एक आमच्या शहरातलं जुनं, मोठं हॉस्पिटल. दुसरं लांबच्या गावातलं, नवं. त्याचं नाव घेतलं की लोक भुवया उंचावून "कुठलं?" म्हणायचे. भावजींनी औषधाच्या दुकानदाराला विचारलं, ऑफिसातल्या साहेबांना विचारलं, शेवटी आमच्या नेहमीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर स्वतः तरुणपणी त्या मोठ्या हॉस्पिटलात शिकलेले. ते म्हणाले, तिथल्या भिंतीसुद्धा शिकवतात. भावजी हे वाक्य घरोघर सांगत फिरले. डॉक्टरांनी त्या भिंती शेवटच्या कधी पाहिल्या होत्या, हे विचारायचं तेवढं राहिलं.

भिंगरीने तिच्या परीने चौकशी केलीच. या मुलांची एक रीत असते. जिथं जायचं तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या कुणाचा तरी नंबर मिळवायचा आणि फोन करून विचारायचं, तिथं कसं आहे? तिने त्या मोठ्या हॉस्पिटलातल्या एकाला केला. पलीकडच्या मुलाचा आवाज बसलेला होता. तो म्हणाला, "काम भरपूर आहे. पण हात तयार होतो. ये." झालं. तो काय म्हणाला ते हिने ऐकलं, तो कसल्या आवाजात म्हणाला ते ऐकलं नाही.

भावजींचं घर दुसऱ्या गावाला, आमचं हॉस्पिटलपासून दोन चौकांवर. म्हणून ती मोकळी झाली की आमच्याकडे यायची. अंघोळ करायची, जेवायची, झोपायची. पहिल्या वर्षी यातलं एक काही तरी व्हायचं, बाकीचं राहून जायचं. ताट वाढून मी पाणी आणायला वळले की ही भिंतीला डोकं टेकून झोपलेली. पायांना सूज, चपलेचे पट्टे कातडीत रुतलेले. हे एकदा चेष्टेने म्हणाले, आमची भिंगरी थांबली बरं का एकदाची. मला काही हसू आलं नाही.

वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन लेकरं, कधी तीनही. सुया टोचायच्या हिने, रक्त पोचवायचं हिने, कागद आणायला धावायचं हिने. मोठे सर सकाळी फेरीला आले की लेकरांच्या आयांसमोरच ओरडा खायचा, तोही हिनेच. दोघांचं काम एकटीवर होतं, कारण आदल्या वर्षी एक जागा भरलीच नव्हती. हे तिला तिथं गेल्यावर कळलं. फोनवर बोललेल्या त्या मुलाला सगळे घोगऱ्या म्हणत. एकदा चहा पिता पिता तिने त्याला विचारलंच, खोटं का बोललास म्हणून. तो म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर तू आली असतीस का? आणि तू आली नसतीस तर मी मेलो असतो." हे मला सांगताना ती हसत होती. वर म्हणाली, वाईट नाही हो काकू तो, स्वतःची पोळी मला देतो.

वर्ष उलटलं आणि फोन हिला यायला लागले. प्रवेशाचे दिवस आले की मोठे सर सगळ्यांना बोलावून बजावत, विभागाची बदनामी खपवून घेतली जाणार नाही. पण बजावायची गरजच नव्हती. नवीन मुलं आली नाहीत तर आपलं काय होतं, हे प्रत्येकाने वर्षभर अंगावर काढलेलं असायचं. ही माझ्या स्वयंपाकघरात बसून मटार सोलता सोलता बोलायची. हो, चांगलं आहे. हो, शिकवतात. हो, ये.

त्यातल्या एका मुलीने विचारलं, मला दम्याचा त्रास आहे ताई, तिथं झेपेल का? मला इकडून ऐकू येत होतं. भिंगरीचा हात थांबला. मग म्हणाली, "झेपतं गं सगळं. ये तू."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, अगं, खरंच झेपेल का तिला? ती शेंगा सोलत राहिली. म्हणाली, दोन जागा आहेत काकू, एक तरी भरू दे.

ती मुलगी आली. वॉर्डात तिला धाकटी म्हणायला लागले. भिंगरीने तिला बहिणीसारखं जपलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिची कामं अंगावर घ्यायची, तिला घेऊन आमच्याकडे जेवायला यायची, जिना चढताना तिची पिशवी धरायची. पण झोप काही कुणाला वाटून देता येत नाही. हिवाळ्यात धाकटी वॉर्डातच कोसळली. ज्या हॉस्पिटलात ती डॉक्टर होती, तिथल्याच वरच्या मजल्यावर तिच्या नाकाला नळी लागली. जीव वाचला, देवाची कृपा. पण शिक्षण तिथंच सुटलं. मधेच जागा सोडली की पुढे काही वर्षं परीक्षेलाच बसू देत नाहीत, असा त्यांचा नियम आहे म्हणे. मग वय निघून जातं, आणि उमेदही.

तिची आई सामान न्यायला आली. नवरा नसलेली, शिवणकाम करून मुलीला शिकवलेली बाई. भिंगरीचे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून माझ्या पोरीने एवढे तरी महिने काढले. तुमचे उपकार विसरायची नाही मी."

भिंगरी त्या दिवशी घरी आली ती सरळ न्हाणीघरात गेली. नळ सुरू ठेवून किती तरी वेळ आत होती. मी दार वाजवलं नाही.

पुढच्या प्रवेशाच्या वेळी ती तिसऱ्या वर्षाला होती. तिने कानाला खडा लावला होता. ज्याने विचारलं, त्याला आहे तसं सांगितलं. किती झोप मिळते, सर कसे बोलतात, धाकटीचं काय झालं, सगळं. अशी गोष्ट या मुलांमध्ये वाऱ्यासारखी पसरते. पहिल्या फेरीतली मुलं लगेच कामाला लागतात; त्या फेरीत दोन्ही जागा रिकाम्या राहिल्या. सरांनी तिला खोलीत बोलावून सांगितलं, इतक्या वर्षांचं नाव तू एका महिन्यात घालवलंस. घोगऱ्या तोवर पास होऊन गेला होता, त्यानेही फोन करून चार शब्द सुनावले.

ते सगळं तिने गिळलं. पण त्याच आठवड्यात जुलाबाने सुकलेलं एक लेकरू आलं. आजीच्या मांडीवर, रांगेत मागे. रांग बघायला ही एकटी. ती तिथवर पोचली तेव्हा शीर सापडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आजीने आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, आम्ही तर लवकर आलो होतो.

भिंगरी माझ्यासमोर बसून हे सांगत होती. रडत नव्हती. म्हणाली, "मी खोटं बोलले तर धाकटी गेली. खरं बोलले तर हे गेलं. मी काय करायला हवं होतं, काकू?"

मी तिला ताट वाढलं. सकाळी देवापुढे हात जोडले तर काय मागावं तेच कळेना. कुणाची तरी लेक तिथं येऊ दे म्हणावं, की येऊ देऊ नकोस म्हणावं? शेवटी नुसतीच उभी राहिले आणि चुलीकडे वळले.

प्रवेशाची दुसरी फेरी असते. तिच्या आधी एका मुलाचा फोन आला. भिंगरीने त्याला चांगलंही सांगितलं नाही आणि वाईटही. म्हणाली, फोनवर विचारू नकोस, दुपारचा ये आणि बघ.

मी तिचे धुतलेले कपडे द्यायला गेले होते, त्याच दुपारी तो आला. उंच, नीट इस्त्री केलेला शर्ट. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर माझ्याशेजारीच बसला. मला कुणाची तरी आजी समजला असावा, थोडं सरकून जागा दिली. आतलं सगळं तिथून दिसत होतं. रांग, खाटा, जमिनीवर अंथरलेल्या चादरी, आणि या टोकाहून त्या टोकाला पळणारी आमची पोर. तो बराच वेळ बघत होता. एका बाईच्या हातातली बाटली पडली ती त्याने उचलून दिली. मुलगा चांगला होता. माझ्या मनात आलं, देवा, हा हो म्हणू दे. मग धाकटीची आई आठवली आणि मनातलं वाक्य मी अर्ध्यातच सोडलं.

भिंगरी बाहेर आली तेव्हा तो उठून उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "ताई, मी दुसरीकडे फॉर्म भरतो."

ती म्हणाली, "भर. पण तिथलंही फोनवर विचारू नकोस. असंच जाऊन बस."

त्याने विचारलं, मग इथली जागा? ती म्हणाली, राहील रिकामी. तो अजून काही तरी बोलणार होता, पण आतून तिला हाक आली. तो थोडा वेळ घुटमळला, मला नमस्कार करून गेला.

मी पिशवी ठेवून निघणार, तेवढ्यात तिने आतूनच मला बोलावलं. सिस्टर दुसऱ्या लेकरापाशी अडकली होती. खाटेवर एक वर्षाचं बाळ होतं, तापाने लालबुंद, आणि त्याची आई घाबरून भिंतीकडे तोंड करून उभी. भिंगरी म्हणाली, हात असा धरा काकू, घट्ट, हलू देऊ नका.

मी धरला. पहिल्या वेळी शीर सापडली नाही. बाळाने माझ्याकडे बघत टाहो फोडला. तिने सुई काढली, कापूस दाबला, बाही कपाळावरून फिरवून घाम पुसला, आणि मला म्हणाली, दुसरा हात द्या.