युतीचा झेंडा आणि डबल टीप

ओठांत टाचण्या धरून भांडता येणारी त्या गल्लीत एकच बाई होती, म्हणून तिचं नाव टाचणीबाई. तोंडाच्या एका कोपऱ्यात टाचण्या आणि दुसऱ्या कोपऱ्यातून शिव्या. नवरा म्हणायचा, "हिच्याशी वाद घालायचा तर टाचण्या तोंडात असतानाच घालावा. निम्मं तरी ऐकू येत नाही."

बंद पडलेल्या सरकारी दवाखान्याची मागची खोली म्हणजे तिचं राज्य. पूर्वी तिथं ड्रेसिंग व्हायचं. भिंतींना कमरेपर्यंत पांढऱ्या फरशा होत्या, कोपऱ्यात बेसिन होतं आणि नळाला पाणी नव्हतं. डॉक्टर गेले, औषधं गेली, खाटासुद्धा गेल्या. खोली ओस पडू नये म्हणून कुणीतरी साहेब गल्लीतल्या बायकांना म्हणाले, "शिवणकाम करा इथं, आम्ही आहोत." तोंडी. तोंडी दिलेलं तोंडीच काढून घेतात, हे टाचणीबाईला तेव्हाही कळत होतं, पण चार पायमशिनी पावसापाण्यापासून वाचत होत्या, मग गप्प बसली. तिच्यासोबत तिची धाकटी जाऊ आणि आणखी दोघी. गणवेश, अभ्रे, परकर, आणि निवडणूक आली की झेंडे.

झेंडे सगळ्या पक्षांचे. कपाटवाल्यांचे, किटलीवाल्यांचे, कंगवावाल्यांचे. ज्याचं जे निशाण, ते त्याच्या कापडावर. कुणी टोचलंच की कालपर्यंत त्यांचे शिवत होता, आज यांचे, तर ती म्हणायची, "न्हावी काय पक्ष बघून डोकं भादरतो का?"

युतीचा झेंडा मात्र वेगळा शिवायची. दोन पक्षांची दोन कापडं जोडायची ती कच्च्या टिपेनं. टाका लांब, धागा सैल, एक टोक ओढलं की सर्रकन सगळी शिवण सुटली पाहिजे. नवीन आली तेव्हा जावेनं विचारलं होतं, "असं का हो ताई? पहिल्या वाऱ्याला सुटेल की."

"सुटू दे. त्यांची युती तरी कुठं वारा सोसते? उद्या फाटलं की दोघंही दारात येऊन आपापलं कापड मागतात. एका बाकावर बसलेले प्रवासी आहेत गं हे. स्टेशन आलं की उठणार. त्यांना पक्कं शिवून काय करायचंय?"

आणि येत होतेही. दर विधानसभेला एखादी तरी युती मोडायची, मग बायका दोऱ्याचं टोक ओढून झेंड्यांच्या फारकती करून द्यायच्या. कापडाला ओरखडा नाही की भोक नाही.

त्या वर्षी गोष्ट निराळी झाली. गादीवर कपाटवाले होते. त्यांच्या आमदारानं दवाखाना पाडून तिथं दुकानांची इमारत उठवायचं ठरवलं. फाटकावर भलं मोठं रंगीत चित्रही लागलं. चित्रात काचा होत्या, झाडं होती, हसणारी गोरीगोमटी माणसं होती. टाचणीबाईनं चित्रात आपली खोली शोधली. तिच्या जागी गाड्या खाली उतरवायचा उतार होता.

कपाटाविरुद्ध किटली आणि कंगवा एक झाले आणि त्यांनी उभं केलं सिस्टरला. सिस्टर म्हणजे त्याच दवाखान्यातली जुनी नर्स. अर्धी गल्ली तिच्या हातांवर जन्मली होती. टाचणीबाईच्या बोटातून मशीनची सुई आरपार गेली, तेव्हा सुई काढता काढता तिला हसवणारी तीच. ती सभेत माईकवर म्हणाली, "दवाखाना पुन्हा उघडणार, आणि मागची खोली बायकांची आहे, बायकांचीच राहणार."

उभ्या जन्मात कुणा पुढाऱ्याच्या बापावर विश्वास न ठेवलेली बाई, पण त्या वाक्याला फसली. फसली तरी कसं म्हणावं? सिस्टर खोटं बोलत नव्हती. पोहणारा बुडतो तो पाण्यावर भरवसा ठेवूनच.

झेंड्यांचं काम आलं. निम्मं जांभळं कापड किटलीचं, निम्मं पोपटी कंगव्याचं. जावेनं नेहमीसारखा धागा सैल केला.

"घट्ट कर," टाचणीबाई म्हणाली. "डबल टीप मारायची."

"ताई, बरं वाटतंय ना तुम्हाला? युतीचे आहेत हे."

"युती गेली खड्ड्यात. सिस्टरचा झेंडा आहे. सुटता कामा नये."

"सुटायचा झाला तर?"

"तुझी जीभ आधी शिवते थांब, तिलाच डबल टीप."

खोलीत हशा पिकला. चारही मशिनी खडखडायला लागल्या. टाचणीबाईला वाटलं, आपण झेंडे शिवत नाही, खोलीचं छप्परच भिंतींना घट्ट शिवून टाकतोय. इतकी शहाणी बाई, तिलाही असं वाटलं.

झेंड्यांचे ढीग बांधून तयार झाले आणि बातमी आली. जागावाटपावरून वरती फिसकटलं होतं. युती आहे, पण या मतदारसंघात दोन्ही पक्षांची मैत्रीपूर्ण लढत होणार! हा शब्द ज्यानं काढला त्याला चौकात उभा करून विचारलं पाहिजे, बाबा रे, मैत्री कुणाची आणि मरण कुणाचं? सिस्टर राहिली कंगव्याकडे. किटलीनं उभा केला एक ठेकेदार, आणि तो कोण, तर फाटकावरची ती काचेची इमारत ज्याच्या हातून बांधली जाणार होती तोच.

दुपारी किटलीचा प्रचारप्रमुख दारात आला. घरातसुद्धा काळा चष्मा न काढणारा, म्हणून सगळे त्याला गॉगल म्हणायचे.

"चला मावशी, आमचं निम्मं द्या. तुमची ती ओढली की सुटणारी टीप, चुटकीचं काम."

टाचणीबाईनं डबीतल्या टाचण्या उचलून तोंडात धरल्या. जावेनंच सांगितलं, "या वेळी पक्की मारलीय."

"पक्की? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

कुणी सांगितलं होतं! बायका ब्लेडं घेऊन उसवायला बसल्या. झेंड्याचं कापड ते केवढं, फुंकर मारली तर उडेल. टाके बारीक, दोन ओळी. एक टाका तोडावा तर जाळी पडावी, जोर करावा तर टर्रकन फाटावं. गॉगल एकेक झेंडा उचलून उन्हाला धरायचा आणि फेकायचा. "चिंध्या केल्यात मावशी. चिंध्या." शेवटी धड निघाले तेवढे घेऊन तो शिव्या देत गेला.

त्यानंतर सिस्टर आली. दारोदार फिरून पायांना सूज होती. आत आल्या आल्या सवयीनं बेसिनपाशी गेली, नळ फिरवला, कोरडे हात कोरड्या नळाखाली चोळले आणि टाचणीबाईशेजारी बसली. पर्समधून छोटी वाकड्या टोकाची कात्री काढली आणि आपलं पोपटी निम्मं सोडवायला एक झेंडा मांडीवर घेतला. माणसांचे टाके काढलेला हात तो. एकेक टाका उचलायची, कापायची, चिमटीनं ओढायची. कापड कळवळलंसुद्धा नाही.

"इतकं घट्ट शिवलंस गं?" तिनं विचारलं.

"तुमच्यासाठी."

सिस्टरनं पुढचा टाका उचलला.

"सिस्टर, निवडून याल ना?"

"पेशंटला खोटं सांगायची फार सवय होती मला. आता बरं वाटेल, थोडंच दुखेल, असलं. तुला नाही सांगवत."

तिनं मांडीवरचे दोरे झटकले आणि पुढचा झेंडा ओढला.

सिस्टर पडली. जांभळी मतं आणि पोपटी मतं एका ठिकाणी पडली असती तर कपाट उताणं झालं असतं, हे ज्याला बेरीज येते त्याला कळत होतं. पुढं किटलीवाले एका मंत्रिपदासाठी कपाटात जाऊन बसले. लढत मैत्रीपूर्ण होती, हे तेव्हा गल्लीला समजलं.

खोली रिकामी करायला माणसं सकाळी आली, पुढं गॉगल. मशिनी एकेक करून बाहेर निघाल्या. एकीचं पायडल उंबऱ्याला अडकून तुटलं. धुरळा बसू नये म्हणून जावेनं त्यांच्यावर तेच फाटके, अर्धवट उसवलेले झेंडे पांघरले. नवरा रस्त्यात उभा राहून म्हणाला, "एक खाटेखाली जाईल. बाकीच्या तीन काय माझ्या डोक्यावर ठेवतेस?" त्याच्या विनोदाला या वेळी कुणी हसलं नाही.

"मावशी, आमच्यावर राग धरू नका," गॉगल म्हणाला. "आम्ही हुकमाचे ताबेदार."

त्याच्या गळ्यात नवा कोरा पट्टा होता. एका टोकाला किटली, दुसऱ्या टोकाला कपाट. टाचणीबाई पुढं झाली. वाटलं, मुस्काटात देते की काय. तिनं पट्टा हातात घेतला आणि उलटा केला.

"कुठं शिवलात?"

"शिवतंय कोण आता? दोन्ही निशाणं एकाच कापडावर छापून येतात. गाडीभर."

"ताई, चला," जाऊ मागून म्हणाली. टेम्पोवाला हॉर्न देत होता.

टाचणीबाई पट्ट्याच्या मध्यावर नख फिरवत राहिली. या टोकाकडून त्या टोकाकडं, पुन्हा उलटं. नखाला कुठंच दोरा लागेना.